वाजत या

“पोरीचे वाळे काढू नगा, ताई. हितं यायचं तर लेकरानं वाजत आलं पाहिजे.”

राहीबाईनं हे सांगितलं तेव्हा पुष्पावतीनं नुसती मान हलवली. बी.ए. झालेली बाई ती. दृष्ट लागण्याच्या गोष्टी तिला सासरी हव्या तेवढ्या ऐकायला मिळत. शिवाय त्या वाळ्यांची तिनं धास्तीच घेतली होती. एक घुंगरू ढिलं झालं होतं आणि नऊ महिन्यांची मुक्ता हाताला लागेल ते तोंडात घालत होती. घशात अडकलं तर? झोपलेल्या पोरीच्या नाकाशी दिवसातून दहादा बोट धरून बघणारी आई. ती थोडीच ऐकणार. घरी गेल्या गेल्या तिनं वाळे काढून डब्यात टाकले.

एकाहत्तर साल होतं. रंगनाथ, तिचा नवरा, नगरजवळ भिंगारच्या मिलिटरी कचेरीत कारकून. महिन्याचा पहिला रविवार आला की दोघं पोरीला घेऊन मच्छिंद्रमामाच्या खानावळीत जेवायला जात. राहीबाई ही मामाची बायको. पुढे बाकड्यांवर जवान बसत आणि कोपऱ्यात पडदा लावून, चटई अंथरून ‘फॅमिली’ची सोय. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि रंगनाथपुरती एक बिअर. बर्फ मिळाला तर मिळाला, एरवी मामा बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून वाळूत पुरलेल्या रांजणात ठेवी. पडद्याआड रंगनाथ दोन बोटं तिच्याही फुलपात्रात ओती. चव कडूच, पण ती गार बाटली गालाला लावून बसायला तिला फार आवडे. नगरचा उन्हाळा तेवढ्यापुरता बाहेर थांबे.

पण जवानांची गर्दी असे ती ‘इटलीच्या भाकरी’साठी. दुसऱ्या महायुद्धात मामा पलटणीबरोबर स्वयंपाकी म्हणून थेट इटलीपर्यंत गेलेला.

“पिझ्झा म्हनत्यात त्याला,” तो सांगायचा. “येका म्हातारीनं शिकवला. तिची बोली मला येत न्हवती, माझी तिला. पर पीठ मळताना चुकलो की हातावर फटका बसायचा, आमच्या आयवानी.”

मागच्या परड्यात त्यानं स्वतः मातीची भट्टी घातली होती. मैद्याची जाड भाकरी, वर टोमॅटो-लसणीचा लगदा, त्यावर कॅन्टीनमधून मिळवलेलं डब्यातलं चीज. लोखंडी पत्र्यावर ती चरचरत बाहेर आली की पडद्याआडच्या माणसालाही वासावरून कळे.

मामाची एक रीत होती. पडद्याशी येऊन तो गप्प उभा राहायचा. आतून कुणी बोललं की मगच, “या रंगनाथराव. ताई बी आल्यात, व्हय?” भट्टीपासून बाकड्यापर्यंत ओठांतल्या ओठांत पुटपुटत चालायचा. जप करत असेल, असं पुष्पावतीला वाटे. पेल्याची बारीक चीर, रश्श्याच्या कडेला बसलेली माशी, सगळं टिपणारी तिची नजर. एवढं एक मात्र तिला दिसलं नाही.

वाळे काढल्यानंतरचा पहिलाच रविवार.

“आज धाकट्या बाई न्हाई आल्या जनू,” मामा म्हणाला.

मुक्ता पुष्पावतीच्या मांडीवरच होती. “ही काय, मामा!”

“व्हय की,” मामा हसला. पण दुसरीकडेच बघून.

रस्सा तिखट होता. पोरीला चटईवर सोडून पुष्पावतीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेवढ्यात मुक्ता पडद्याखालून रांगत बाहेर गेली. पुष्पावतीनं पडदा सारला तर पोर वाटेच्या मधोमध, आणि परड्यातून मामा येतोय, दोन्ही हातांत फडक्यानं धरलेला तापलेला पत्रा. तो थांबेल, बाजूला होईल, असं तिला वाटलं. तो सरळ चालत आला. ओठ हलत होते. या वेळी तिला ऐकू आलं.

“पाच... सहा...”

ती पोरीकडे झेपावली. मुक्तानं हात पुढे करून मामाचं पाऊल धरलं. तो अडखळला, पत्रा पुढे कलंडला आणि खाली काय आहे ते त्याला कळलं. त्यानं पत्रा पोटाशी ओढला, उघड्या डाव्या हाताच्या कवेत. भाकरीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. चाचपडत त्यानं पत्रा बाकड्यावर ठेवला, तोवर पुष्पावतीनं पोर उचललं होतं.

“काय मामा, भर दुपारीच चढली का?” एका जवानानं टोमणा मारला. बाकी हसले.

“व्हय रं,” मामा म्हणाला. “बाटल्या पुसून पुसून वासानंच चढली बग.”

परड्यात राहीबाई त्याच्या हातावर पाणी ओतत होती. पुष्पावती पोरीला घट्ट धरून शेजारी उभी राहिली.

“जल्मात थेंब घेतला न्हाई ह्या मानसानं,” राहीबाई हळूच म्हणाली. “मिरजेला नेलं हुतं. डाक्टर म्हनला, नस सुकली, आता दिसायचं न्हाई. लोकांना कळलं तर भट्टीपाशी कोन हुबं ऱ्हाऊ दील? आन् हितनं उठवल्यावर ह्यांनी करायचं काय?”

“मला तरी सांगायचं ना, मामी.”

“सांगितलं हुतं की.”

घरी येताना रंगनाथ म्हणाला, “म्हातारा प्यायला लागला वाटतं.” पुष्पावतीनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. खरं सांगितलं तर ते कचेरीत पोचायला दोन दिवस लागले नसते.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या सोनाराकडून तिनं ते ढिलं घुंगरू पक्कं करून घेतलं. पुढच्या महिन्याच्या रविवारी दारातच मामा म्हणाला, “आल्या का धाकट्या बाई.” डाव्या हाताला पट्टी होती. पत्रा अजूनही मामाच आणत होता.

त्र्याहत्तरला रंगनाथची देवळालीला बदली झाली. मुक्ताला वाळे तोवर कधीच लहान झाले होते. निघताना पुष्पावतीनं ते राहीबाईच्या हातात दिले. राहीबाईनं तिथल्या तिथं सुई-दोरा घेतला आणि ते फॅमिलीच्या पडद्याच्या काठाला शिवून टाकले. मामानं पडदा एकदा हलवून बघितला, पुन्हा हलवला.

देवळालीहून पुष्पावतीनं दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. वाचून दाखवणारं तरी कोण असणार तिथं. आता नगरकडे जाणारं कुणी भेटलं की ती त्याला गाठते, आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. भिंगारला थोडी वाकडी वाट करा. खानावळीत शिरताना वहाणा जरा वाजवा. इटलीची भाकरी मागा आणि पत्रा घेऊन येतो त्याच्या डाव्या हातावर जुना चट्टा आहे का, तेवढं बघून या. त्याला विचारू मात्र नका. आणि तो मोजत असेल तर मध्ये बोलू नका.