म्हावऱ्याचा बर्फ आणि तेजलचा प्रोसेसर

तेजल सकाळी साडेदहाला माझ्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबला होता आणि हात बर्फासारखे गार होते.

"काका, वाट लागली. कॉम्प्युटर चालूच होत नाहीये."

तेजल वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिची बारावीची परीक्षा झाली होती. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून यारी रोडवरच्या माझ्या घरी आसपासची मुलं जुने रेडिओ, पंखे खोलायला येतात. तेजल त्यांतली सर्वांत जुनी.

तिने ॲनिमेशनच्या एका संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. त्यासाठी दीड मिनिटाची फिल्म पाठवायची होती. तिची फिल्म चिंबोरीवर, म्हणजे खेकड्यावर होती, जाळ्यातून सुटून परत खाडीत जाणाऱ्या एका चिंबोरीवर. चार महिने ती त्यासाठी राबत होती. फिल्म पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती, आणि सगळी चित्रं त्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये होती.

मी पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, स्पिरिटची बाटली आणि ब्रश टाकला आणि तिच्याबरोबर निघालो.

तिच्या घरात शिरलो तर कॉम्प्युटरच्या पेटीवर प्लॅस्टिकच्या दोन भल्यामोठ्या पिशव्या ठेवलेल्या, बाजूला टेकवून आणखी एक. आत फोडलेला बर्फ.

"हे काय?"

"गरम होत होता ना. म्हणून आईच्या मासळीच्या पेटीतला बर्फ घेतला."

"म्हावऱ्याचा बर्फ!" आतून तिची आई रुक्मिणी ओरडली. "पापलेट तापलं माझं, नि मशीन थंड झालं नाही ते नाहीच. विचारा तिला, काका."

मी आधी प्लग काढला. मग पेटीचं झाकण उघडून तेजलला म्हटलं, "आतून हात फिरव."

तिने बोट फिरवलं. ओलं. "पिशवी फुटली का?"

"पिशव्या कोरड्या आहेत, बघ. मे महिन्यात गार पाण्याचा स्टीलचा ग्लास टेबलावर ठेवला की काय होतं?"

तिने डोक्याला हात लावला. "बाहेरून पाणी सुटतं. हवेतलं. शी! मी आतमध्ये ग्लासच ठेवला."

समुद्रावरच्या हवेत पाणी किती असतं हे तिच्याएवढं कोणाला माहीत! पण ज्या घरात काहीही टिकवायचं म्हणजे बर्फात ठेवायचं, तिथे हेच सुचणार. मी तिला तसं सांगितलंसुद्धा.

"मेला का तो?" तिने हळूच विचारलं.

"अजून माहीत नाही. पण ओल्या मशीनला परत परत चालू करू नकोस, म्हणजे मरणार नाही."

ती हेअर ड्रायर आणायला उठली. मी थांबवलं, गरम झोताने पाणी आणखी आत गेलं असतं. आम्ही एकेक भाग सुटा केला, टिपून घेतला, स्पिरिटने पुसला आणि टेबलफॅनसमोर मांडला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही काढून ठेवला, म्हणजे तिने बदललेल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातील. मग वाट पाहायची होती. तेजलला एका जागी बसवेना.

"काय काय बदललं होतंस, ते सांग."

"स्पीड. साडेचार गिगाहर्ट्‌झवरून पाच केला. मग फिल्म बनता बनता बंद पडायला लागला. व्हिडिओत सांगितलं होतं, बंद पडला तर व्होल्टेज वाढवा. मी एक पॉइंट चार केलं."

"मग?"

"मग बंद नाही पडला. पण शंभर डिग्री!"

"बाबांच्या बोटीचं इंजिन पूर्ण रेस करून तासभर ठेवलं तर?"

"बाबा मला पाण्यात टाकतील."

"का?"

"तापेल ना. आणि डिझेल पिईल."

"तसंच हे. वेग वाढवला की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो. व्होल्टेज थोडं वाढवलं तरी उष्णता त्याहून पुष्कळ वाढते. आणि उष्णता बाहेर न्यायला तुझ्याकडे तो एवढासा पंखा."

"म्हणून तर बर्फ," ती पुटपुटली, आणि आम्ही दोघंही हसलो. ती जरा कमी हसली.

दीड वाजता सगळं जोडलं. प्लग लावायच्या आधी तिने डोळे मिटले. मी बटण तिलाच दाबायला लावलं. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच राहिला. पाच सेकंद, दहा सेकंद. तेजलने माझा दंड घट्ट पकडला. मग पांढरी अक्षरं उमटली.

"आई!" ती किंचाळली. "चालू झाला!"

चित्रं सगळी जागेवर होती. एकवीसशे साठांपैकी पंधराशे कॉम्प्युटरने रंगवून तयार केली होती, सहाशे साठ बाकी. तेजलने लगेच विचारलं, "आता थोडासाच स्पीड वाढवू? वेळ कमी आहे, काका."

"आधी एक काम कर. प्रत्येक चित्राच्या फाइलवर वेळ लिहिलेली असते. काल स्पीड वाढवायच्या आधी एका चित्राला किती वेळ लागत होता?"

तिने पाहिलं. "एकोणीस सेकंद."

"वाढवल्यावर?"

"सतरा. मग..." तिचं बोट खाली खाली सरकत गेलं. "बावीस? बावीस कसं?"

"शंभर डिग्रीला प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच हळू होतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी एवढं करून त्याला स्लो केलं?"

तिचं तिलाच कळलं होतं. मूळ वेग तसाच ठेवून आम्ही व्होल्टेज उलट जरासं कमी केलं, एक पॉइंट दोनवरून एक पॉइंट पंधरा. दहा मिनिटं चाचणी घेतली. शहात्तर डिग्री, चूक एकही नाही. चित्रामागे अठरा सेकंद.

"सहाशे साठ गुणिले अठरा," ती मोजू लागली. "तीन तास अठरा मिनिटं. काका, होतंय!"

पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटचं चित्र तयार झालं. फिल्म जोडून पाठवायला आणखी वीस मिनिटं लागली. पावती आली तेव्हा सहाला सतरा मिनिटं बाकी होती. तेजल खुर्चीतून घसरून जमिनीवरच बसली. मलाही तेव्हा जाणवलं की दिवसभर आपण खांदे आवळून बसलो होतो.

मग तिघांनी मिळून फिल्म पहिल्यांदाच सलग पाहिली. चिंबोरी जाळ्यातून सुटली, चिखलावरून तिरकी पळाली, आणि तेजलने कपाळावर हात मारला.

"एक पाय गायब! शेवटी नऊच पाय आहेत! आता काय करू?"

रुक्मिणीने मान पुढे करून पडद्याकडे नीट पाहिलं.

"जाळ्यात अडकली होती ना? मग बरोबर आहे," ती म्हणाली. "पाय सोडून देते नि पळते. नवा फुटतो मागनं. ऊठ आता, दोघं जेवून घ्या."

तेजल हसायला लागली, आणि बराच वेळ हसतच राहिली.