घारबेटाची भिंत

थोरल्या भावाने, गणराजने, लिहून ठेवलं होतं त्यावरून रुचिकाला वाटलं होतं, घारबेटावरची भिंत चांगली पाचसहा मजली असेल. चढायच्या आठ वाटा, भक्कम खडक, खाली निळं पाणी. प्रस्तरारोहणाच्या वेबसाइटवर त्याने फोटोही टाकले होते. ते वाचून पुण्यामुंबईची पोरं मुरुडला येऊन होडीची चौकशी करत. दीड वर्षापूर्वी कावीळ होऊन गणराज गेला. चढाई तिला त्यानेच शिकवली होती, पण इथे मात्र कधी आणलं नव्हतं. "तू अजून तयार नाहीस," म्हणायचा.

होडी खडकाला लागली आणि होडीवाल्या कोंडाजीने बोट दाखवलं. "ही बग तुज्या दादाची भिंत."

दुमजली घराएवढा काळा कडा. पायथ्याशी फाटकी जाळी, थर्माकोल, बाटल्या, आणि कुजक्या मासळीचा वास. आठ नव्हे, तीनच वाटा होत्या. खडक हाताला लागताच भुगा होऊन गळत होता.

"फोटो खालून, वाकडा कॅमेरा धरून काढलेत," कुलदीप म्हणाला. तो तिचा चढाईतला जोडीदार, मोजकंच बोलणारा. "आलोच आहोत तर एक वाट चढून बघतो."

ती खालून दोर धरून उभी राहिली. गणराजने खडकात ठोकलेल्या तिसऱ्या बोल्टमध्ये दोर अडकवून कुलदीप लटकला, आणि बोल्ट कट्‌कन तुटला. तो खाली आला, दुसऱ्या बोल्टने कसाबसा धरला. गुडघा खडकावर आपटून फाटला होता. खाली उतरवल्यावर त्याने मुठीतली क्लिप उघडून दाखवली. तिच्यात बोल्टची पट्टी तशीच अडकलेली होती, गंजून पापडासारखी झालेली.

"साधं लोखंड," तो म्हणाला. "समुद्रावर साधं लोखंड कुणी ठोकतं?"

रुचिकाने त्याचा गुडघा रुमालाने घट्ट बांधला. दादाला हे माहीत नसेल, असं काही तिला स्वतःला पटवता येईना. समुद्राजवळ न गंजणारं स्टीलच वापरायचं, हे त्यानेच तिला दहा वेळा शिकवलं होतं.

"परत जाऊ," कुलदीप म्हणाला. "वेबसाइटवर लिही, म्हणजे झालं."

"काहीजण ते न वाचताच येतील. बोल्टच काढून टाकते. पाना आणि हातोडी दे."

मागच्या उतारावरून ती माथ्यावर गेली, एका सुळक्याला दोर बांधून उतरू लागली. मधल्या वाटेबद्दल गणराजने सगळ्यांत जास्त लिहिलं होतं: माथ्यापर्यंत आपण पहिल्यांदा चढलो, वर पोचल्यावर रडू आलं. त्या वाटेच्या वरच्या अर्ध्या भागात एकही बोल्ट नव्हता. भोकसुद्धा नव्हतं. तिने तिथला खडक बोटांनी चाचपून पाहिला.

मग कामाला लागली. काही बोल्ट पान्याने सुटले, काही हातोडीच्या दोन घावांत मोडले. अकरा निघाले.

खाली आल्यावर तिने कोंडाजीला विचारलं, "काका, दादा पार वरपर्यंत गेला होता का हो?"

कोंडाजीने नजर चुकवली. "न्हाय गं पोरी. त्या तिथवर जायाचा नि हात थरथरायचे त्याचे. मंग खाली बसून ऱ्हायाचा. दोन हिवाळे आला. मला म्हनला, कुनाला बोलू नको."

भरती चढत होती. कुलदीपला दोघांनी धरून होडीत घेतलं.

घरी पोचल्यावर तिने गणराजचं पान काढून टाकलं आणि तिथे लिहिलं: "घारबेटाची भिंत चढण्यालायक नाही. बोल्ट गंजलेले होते, ते काढले आहेत. जाऊ नका." तो माथ्यावर पोचला नव्हता, हे लिहायला मात्र तिचा हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी गणराजचा जुना मित्र रितेश याचा फोन आला. तो अक्षरशः ओरडत होता. "तेवढं एकच मागे राहिलं होतं त्याचं! सख्खी बहीण ना तू? आपल्या हाताने मोडलंस?"

"हो," रुचिका म्हणाली.

"का?"

कुलदीपच्या गुडघ्याला नऊ टाके पडले होते, ते तिने सांगितलं. "गण्या असता तर त्याने बदलले असते बोल्ट," रितेश म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर त्याने तिचा फोन कधी उचलला नाही.