चारशे बारा मिलिमीटर

१९८३च्या ऑगस्टात उमरेडकडच्या एका खेड्यातून नागपूरच्या हवामान कार्यालयात पाऊस मोजणाऱ्या बाईंचं कार्ड आलं: एका दिवसात पाऊस चारशे बारा मिलिमीटर. आजूबाजूला कुठंच शंभराच्या वर नव्हता.

"बाईला मोजता येत नाही, नाहीतर कुणी खरं लिहू देत नाही," साहेब मनोहरराव नोंदी तपासणाऱ्या सुमतीला म्हणाले.

त्याच दिवशी गावचा नवा तलाव फुटला होता. तलावाचा ठेकेदार लहानू हा पाऊस मोजणाऱ्या प्रयागबाईंचा सख्खा भाऊ. पाऊस अफाट ठरला की लहानू सुटणार, हे सुमतीला सांगावं लागलं नाही. खोट्या नोंदी पकडण्यात तिची सहा वर्षं गेली होती.

ती एसटीनं गावी गेली.

"मले काहून पुसता? वहीले पुसा," प्रयागबाईंनी वही पुढं सरकवली. पर्जन्यमापकाची बाटली भरली की मोजून रिकामी केली, अशा पाच नोंदी होत्या. एका नोंदीपुढं शेरा: 'दुपारी तीन. वारा उगवतीचा होता, मावळतीचा झाला.' सगळं अक्षर एकसारखं, कुठं खाडाखोड नाही. एका बैठकीत लिहिलेलं वाटत होतं. सुमतीनं चहासुद्धा घेतला नाही.

परतल्यावर तिनं दिल्लीला लिहिलं: त्या दिवशीची हवा संगणकावर पाच दिवस मागं नेऊन पाहा, एवढं बाष्प आलं कुठून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सकाळपर्यंत ओल बंगालच्या उपसागराकडून येत होती. दुपारी खालच्या थरात अरबी समुद्राचा दमट वारा घुसला आणि दोन्ही प्रवाह नेमके त्याच पट्ट्यात भिडले. चारशे मिलिमीटर अशक्य नव्हते.

सुमती वहीतून उतरवून आणलेल्या शेऱ्याकडं बघत राहिली. वारा फिरल्याचं खोटं लिहायला बाईंना कुणी शिकवलं असतं?

नोंद मान्य झाल्याचं सांगायला ती पुन्हा गेली, तर ओसरीवर लहानू बसलेला. "मी म्हनलंच होतं ना बाई, देवाचीच करनी!" तो हसला. प्रयागबाई हसल्या नाहीत. तो जाईपर्यंत त्या सुपात तांदूळ पाखडत राहिल्या.

"पाऊस खरा हाय," मग त्या म्हणाल्या, "पन पयली बाटली भराची होती, तवाच तलावाचं पानी माह्या आंगनात आलं होतं."

म्हणजे तलाव साध्याच पावसानं फुटला होता.

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"वही पावसाची हाय. तलावाचं कोनी पुसलंच नाही." सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लिवून घ्या. सही करतो मी."

सुमतीनं जबाब लिहून घेतला. त्या दिवशी तिनं चहा मागून घेतला.

चौकशीत लहानूचं नाव काळ्या यादीत गेलं. त्या भाऊबीजेला तो बहिणीकडं फिरकला नाही.