दोनचं बटण

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा फोन आहे. माझ्या पोटाला रबर बांधलंय आणि पाचाचा आकडा पार पुसून गेलाय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या! पण आवाज माझा अजून खणखणीत आहे. बडनेऱ्याच्या भाजीबाजारात माझ्यासारखा मोठ्याने बोलणारा फोन दुसरा नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या साहेबाच्या खिशात मिरवीन. पण नशिबी आल्या तानुबाई. राहतात बडनेऱ्यातच, मेथी-पालक मात्र नांदगाव खंडेश्वरकडून आणतात. भाजीवर पाणी मारून त्यांचे हात सदा ओले, म्हणून त्या मला कधी कानाला लावत नाहीत. मला पोत्यावर ठेवायचं, बोटाच्या पेराने बटण दाबायचं आणि स्पीकर सुरू! त्यामुळे तानुबाईंचा फोन म्हणजे साऱ्या ओळीचा फोन.

एकदा महापालिकेच्या लोकांनी त्यांची हातगाडी उचलून नेली होती. ती सोडवून आणली वकीलबाई प्रियदर्शनींनी. त्यांनीच आपला नंबर माझ्यात घातला आणि म्हणाल्या, "मावशी, काही अडलं तर दोनचं बटण दाबून धरायचं. थेट मला फोन लागतो." तेव्हापासून रोजची बोहनी वकीलबाईंच्याच हातची. त्यांनी कोथिंबिरीची जुडी घेतल्याशिवाय तानुबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत नसत. फार जीव होता हो दोघींचा एकमेकींवर!

यंदा वकीलबाई महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. मतदान तोंडावर आलं आणि एका सकाळी मी वाजलो. कुणा बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज होता.

"हा जनमताचा सर्व्हे आहे. निवडून आल्यावर प्रियदर्शनीताई भाजीबाजार उठवणार आहेत असं तुम्हाला कळलं, तर तुम्ही त्यांना मत द्याल का? हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन."

"बाप्पा! आमचा बाजार उठवून राहिली?" तानुबाईंनी रागाने दोन दाबलं. साऱ्या ओळीत बोंब झाली. अहो, त्या बाईने नुसतं विचारलं होतं! पण भाजी तोलायच्या गडबडीत विचारलेलं काय नि सांगितलेलं काय, सगळं सारखंच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी नेहमीसारखी जुडी उचलली. तानुबाईंनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"तुमच्या हातची बोहनी नाई पायजे मले."

वकीलबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या तशाच कोर्टाकडे निघून गेल्या. मी पोत्यावर पडून तळमळलो, पण माझ्या हातात काय असतं? आमच्या ओळीतल्या कुणीच त्यांना मत दिलं नाही. वकीलबाई पडल्या.

निकालानंतर फळवाल्या मैनाबाई चहा प्यायला येऊन बसल्या.

"बरं झालं, पडली. आमची फळाची जागा तुमा भाजीवाल्यांले देनार होती म्हने. फोनवर सर्व्हे आला होता ना!"

तानुबाईंचा कप हातातच राहिला. "काय म्हन्तं वं, मैना? आमचा बाजार उठवनार, अन् तुमची जागा आमालेच देनार? हे कसं जमते?"

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तानुबाईंनी बोहनीच केली नाही. गिऱ्हाइकं चिडून गेली, मेथीने माना टाकल्या. उन्हं वर आल्यावर वकीलबाई कोर्टाकडे निघालेल्या दिसल्या. तानुबाई ओल्या हातांत जुडी घेऊन आडव्या गेल्या.

"चुकलं माय माह्यं. फोनवर आयकलं अन् खरं मानलं."

वकीलबाईंनी जुडी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"त्या परक्या आवाजाला उत्तर दिलंत, मावशी. मला एकदा विचारायचं तरी."

मित्रांनो, माझं रबर किती दिवस टिकेल, मला ठाऊक नाही. पण मला नीट वापरा, एवढंच मागणं आहे. कुणी प्रश्न विचारायच्या नावाखाली चहाडी केली, तर जिच्याबद्दल केली तिला आधी विचारा. तानुबाईंना कुठे लांब जायचं होतं? तो सर्व्हेचा फोन संपल्यावर तेच दोनचं बटण जरा दाबून धरलं असतं, तर पलीकडून वकीलबाईच बोलल्या असत्या.