चाकातलं पाणी

चिंतामणीकाकांनी पुढे केलेली खुर्ची अनुजाने पायानेच मागे सरकवली.

"बसायला नाही आले. टायर खोला, माझ्यासमोर."

लालबागच्या त्या गल्लीत मंडळाच्या शेडमध्ये ट्रॅक्टर जॅकवर एका अंगाला कलंडून उभा होता. गणपतीची ट्रॉली ओढायला मंडळाने तो दोन वर्षांपूर्वी कुलूहून जुनाच आणला होता आणि तेव्हापासून अनुजाचा नवरा हितेंद्र तो चालवत होता. परवा मागच्या चाकाची रिंग गंजून फाटली. मंडळाचे अध्यक्ष चिंतामणीकाका भर चौकात हितेंद्रवर ओरडले, विसर्जनाला चौपाटीवर भाव खायला ट्रॅक्टर समुद्रात घातलास, खाऱ्या पाण्याने रिंग खाल्ली. चावी काढून घेतली. हितेंद्र मान खाली घालून घरी आला. अनुजाने विचारलं, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चाक पाण्याला लागलंसुद्धा नाही."

तिला तेवढं पुरलं. पण ती नळावर गेली की बायका बोलायच्या थांबत. कालपर्यंत हिच्याकडून साखर उसनी नेणाऱ्या बायका! ते तिच्या डोक्यात गेलं होतं.

कुशाबा टायरवाल्याने पहारीने टायर उतरवला आणि रिंग उलटी केली. बाहेरचा रंग शाबूत होता. गंज सगळा आतून, व्हॉल्व्हच्या भोकाभोवती, पांढऱ्या ओलसर खपल्यांसकट. त्याने व्हॉल्व्हपाशी झिरपणाऱ्या ट्यूबमधलं पाणी डब्यात काढलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारट. कडूपण."

"बघ! मी काय म्हणत होतो?" काका म्हणाले.

"बंद ट्यूबमध्ये समुद्र कुठून शिरणार, काका?" अनुजाचा आवाज चढला. "हे पाणी भरलं कोणी?"

"वजनासाठी भरतात चाकात पाणी. घेतला तेव्हापासून आहे ते. पण खारट कशाला भरतील?" काका म्हणाले.

"ज्याच्याकडून घेतलात त्याला विचारा. स्पीकरवर."

काकांनी नाइलाजाने फोन लावला. पलीकडचा माणूस मोकळेपणाने बोलला. "हाँ जी, नमक डाला था। यहाँ सर्दी में सादा पानी टायर के अंदर जम जाता है। आपको बोला था ना, बंबई जाके निकलवा देना?"

काकांनी फोन कानाला लावला, पण उशीर झाला होता. कुशाबा डब्याकडे बघत राहिला.

"सांगितलं होतं तुम्हाला?" अनुजाने विचारलं.

"असेल सांगितलं. गडबडीत राहिलं." काकांनी चष्मा पुसायला घेतला. "बरं, झालं ते झालं. हितेंद्रला म्हणावं, उद्या चावी घेऊन जा."

"असं नाही चालणार. चौकात बोललात, चौकातच सांगायचं. उद्या सहाला, सगळ्यांसमोर. हितेंद्रने ट्रॅक्टर पाण्यात घातला नव्हता. ह्याच शब्दांत."

काकांचे कान लाल झाले. वयाने वडिलांच्या जागी असलेला माणूस, पण अनुजाला त्या क्षणी कणभर दया आली नाही.

"सांगतो," ते शेवटी म्हणाले.

चाळीचे जिने चढताना जो भेटेल त्याला ती थांबवून सांगत होती, उद्या सहाला चौकात या. शेजारच्या कौसल्याबाईंना तर तिने दारातूनच हाक मारली. हितेंद्र खाली बसून लसूण सोलत होता. तिने चप्पल काढायच्या आधीच सगळं एका दमात सांगितलं.

तो उठला नाही.

"मिठाने गेली ना रिंग? मग बास. चौकात कशाला?"

"कशाला म्हणजे?"

त्याने सोललेली पाकळी पुन्हा सोलल्यासारखी केली. "पोरं ओरडत होती. व्हिडिओ काढत होती. मी थोडा पुढे घेतला."

"किती?"

त्याने हात आधी घोट्याशी नेला, मग गुडघ्यापर्यंत आणला. "पण रिंग त्याने नाही ना गेली, अनुजा. तू ऐकलंस ना स्वतः."

तिचा हात नकळत डोक्यावर गेला. केस नीट केल्यासारखं करून तिने तो खाली घेतला. शेडमध्ये आला होता त्याच्या दुप्पट राग आता तिच्या अंगात होता.

बाहेर गॅलरीतून कौसल्याबाई ओरडल्या, "अगं अनुजा, उद्या सहाला नक्की ना? आमचे हेपण येतात म्हणाले."

हितेंद्रने मान हलवून नको नको म्हटलं.

"नक्की!" अनुजा ओरडली. मग कपाट उघडून तिने त्याचा निळा शर्ट काढला आणि इस्त्रीच्या पिशवीत कोंबला.

"काकांचं बोलून झालं," ती म्हणाली, "की तू बोलायचंस."