कडीच्या आतली पट्टी

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे, बेडीची तर मुळीच नव्हे. तिरंदाजीच्या मैदानावर स्पर्धेआधी धनुष्यं तपासायला एक टेबल मांडतात, त्या टेबलावर पडलेली काळी, गोल, धातूची कडी म्हणजे मी. दिसायला माझ्यात विशेष काही नाही. मला टोक नाही, धार नाही आणि मध्ये तर काहीच नाही. पण माझी सगळी किंमत त्या काहीच नसलेल्या जागेला आहे. ती केवढी असावी हे नियमात ठरलेलं आहे, आणि तिच्यातून जे जात नाही त्याला मैदानात उभं राहता येत नाही.

माझा जन्म लेथवर झाला. सतत शीळ घालणाऱ्या एका जाड्या कारागिराने मला कातलं, घासलं, मापकाने आडवं मोजलं, उभं मोजलं. मग आतल्या काठावरून नख फिरवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "ही काही खोटं बोलणार नाही." मला फार भरून आलं होतं. पुढे कळलं की जन्माला आल्यावर एकदा मोजलं ते शेवटचं. त्यानंतर मी साऱ्या जगाला मोजत राहिले आणि मला मोजावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिरंदाजीत गट असतात. काही गटांत धनुष्याला नेम धरायचं साधन असतं, तोल राखायला लांब दांड्या असतात. माझा संबंध साध्या धनुष्यांच्या गटाशी. इथे डोळा, हात आणि दोरी, बस्स. बाण सुटला की धनुष्य हातात उसळी मारतं. ती दाबायला मुठीखाली एखादं वजन लावायची तेवढी मुभा आहे. पण मर्यादा घातली नाही तर माणूस वजनाच्या नावाखाली दांडीच लावील, माणसाला मी चांगली ओळखून आहे. म्हणून नियम असा की दोरी उतरवलेलं धनुष्य वजनासकट माझ्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवं. गेलं तर ठीक. अडलं तर वजन काढा, नाहीतर घरी जा.

टेबलावर बसणारे पंच पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना काका म्हणतात. माणूस देवासारखा. कुणाची दोरी तुटली तर आपल्या पिशवीतली देतील, कुणी घाबरलं तर पाणी पुढे करतील. त्यांना कुणी रागावलेलं पाहिलं नाही. मी मात्र आता त्यांच्यावर रागावलेली आहे, आणि हा राग जाईल असं मला वाटत नाही.

झालं असं, की एका स्पर्धेत एक गडी नवंकोरं, आरशासारखं चमकणारं धनुष्य घेऊन आला. माझ्यातून काढताना त्याला एक बारीक ओरखडा उठला. त्याने आकाशपाताळ एक केलं. काका बिचारे ओशाळले, चार वेळा माफी मागितली. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या आतल्या काठावर काळी कापडी चिकटपट्टी गुंडाळली. कुणाच्या धनुष्याला इजा होऊ नये एवढाच हेतू. पट्टी झिजली की जुनी सोडवण्याची कटकट नको म्हणून तिच्यावरच नवी चढवायचे. मी आतून बुजत चालले. फार नाही, जाड पुठ्ठ्याइतकी. पण माझा सगळा जन्मच त्या पुठ्ठ्याइतक्या फरकासाठी होता. ओरडावंसं वाटायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कुणाला काही जाणवलं नाही, कारण दुकानातून आणलेल्या धनुष्यांची वजनं आटोपशीर असतात. ती घसरत जायची. आणि सगळ्यांना एकच कडी, तेव्हा सगळ्यांना न्याय सारखाच, असं मैदानावर जो तो म्हणायचा.

मग ती आली. कुलूपवाल्याची मुलगी. बापाचं किल्ल्या बनवायचं लहानसं दुकान, आणि ती त्याच दुकानात त्याच्या शेजारी बसून किल्ल्या घासायची. वर्षानुवर्षं कानस चालवून तिचे हात असे झाले होते की धनुष्य ओढताना मनगट हलायचं नाही. त्या दिवशी निवडचाचणी होती. निवड झाली असती तर क्रीडा प्रबोधिनीत राहायची सोय, शिकवायला गुरू, आणि दुकानाबाहेरचं जग. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला उभंच राहता आलं नसतं. हे सगळं तिने रांगेत पुढच्या मुलीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

तिच्या धनुष्याचं वजन बापाने घडवलेलं होतं. जुन्या पितळी किल्ल्या वितळवून ओतलेलं, हाताने घासून गुळगुळीत केलेलं. नियमात जेवढी जागा दिली होती तेवढी त्याने पुरेपूर वापरली होती, केसाइतकीसुद्धा जास्त नाही. खात्री करायला त्याने माझ्याच मापाची एक पितळी कडी घरी बनवली होती. तिच्यातून धनुष्य लोण्यातून सुरी जावी तसं जायचं.

माझ्यापाशी ते अडलं.

काकांनी जरा तिरपं करून पाहिलं, परत काढून घातलं, हळूच दाबलं. वजनाची कड पट्टीला टेकली आणि तिथेच राहिली. पट्टी, मी तुला शिव्या घातल्या त्या दिवशी. पण शिव्या मनातल्या मनात घालून काय होतं?

"काका, बाबांनी मोजून केलंय," ती म्हणाली. "दुसरी कडी असेल तर बघता का?"

दुसरी कडी नव्हती. काकांनी तिला समजावलं, अगदी मायेने समजावलं. घरचं माप ते घरचं, इथे कडीचं माप धरतात. आज हिला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. वजन काढून खेळ, बेटा, वजनात काय आहे, असंही म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कणभर लबाडी नव्हती. तेच मला सहन होत नव्हतं.

तिने वजन काढलं. मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीपलीकडे बाप उभा होता, नातेवाइकांना आत येऊ देत नाहीत. ती त्याच्याकडे गेली आणि वजन त्याच्या हातावर ठेवलं. मला टेबलावरून दिसत होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वजन उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवलं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या कुलपांत नेमकी बसणारी किल्ली दिली त्या माणसाला स्वतःची चूक सापडत नव्हती. शेवटी त्याने वजन खिशात टाकलं आणि म्हणाला, "हात गेला माझा, पोरी."

ती काहीतरी बोलली, बहुतेक नाही म्हणाली. तो ऐकत नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

पुढचं सांगण्यासारखं नाही. ज्या वजनाची हाताला सवय, ते नसलं की धनुष्य परकं होतं. प्रत्येक बाणामागे तिच्या मुठीतलं धनुष्य वर उसळायचं. बाण मधल्या वर्तुळाशेजारी लागायचा, मग वर, आणखी वर. निवड झाली नाही, आणि अगदी थोड्या गुणांनी हुकली. ज्याच्या धनुष्यावरच्या ओरखड्यापायी मला पट्टी बांधली होती तो गडीही त्या दिवशी खेळला. त्याच्या धनुष्यावर एक चरा उमटला नाही.

उन्हाळ्यात मैदान बंद असतं. दुपारच्या वेळी काका सामानाच्या खोलीत आवराआवर करत होते. उकाड्याने पट्टीचा डिंक सुटला होता, एक टोक लोंबत होतं. त्यांनी ते ओढलं. एक थर निघाला, मग खालचा, मग त्याच्या खालचा. ओढतच राहिले. सगळी पट्टी निघाल्यावर त्यांच्या हातात तिचा चांगला लिंबाएवढा गोळा झाला. त्याच्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. कपाटातून मापक काढून त्यांनी मला मोजलं. जन्मानंतर पहिल्यांदा मला कुणीतरी मोजत होतं, आणि मी अगदी बरोबर होते.

मला वाटलं, आता हे जातील. कुलूपवाल्याचं दुकान काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतलाही. बराच वेळ धरून ठेवला. मग खाली ठेवला. रॉकेलचा बोळा घेऊन माझ्या काठावरचा डिंक पुसला, पण घाईघाईत, सगळा निघाला नाही. पट्टीचा गोळा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात नाही टाकला. खिशात घालून घरी नेला. चांगली माणसं भ्याली की काय करतात हे मी त्या दुपारी पाहिलं.

ती पुन्हा आली ती थंडी सरल्यावर. निवडीची नव्हे, साधी खुली स्पर्धा होती. वजन लावलेलं होतं. काकांनी तिला ओळखलं आणि त्यांचा हात टेबलावरच थबकला. तिने आधी पिशवीतून बापाची पितळी कडी काढली आणि मला उचलून माझ्यावर ठेवली. काठाला काठ. मध्ये उजेडाची रेघसुद्धा नाही.

"बाबांनी नंतर अशा कितीतरी केल्या," ती म्हणाली. "आपलं कुठे चुकलं ते शोधायला. जितक्या केल्या तितक्या एकाच मापाच्या आल्या. मग दुकानात बसणंच सोडलं. म्हणायचे, ज्याला आपली चूक दिसत नाही त्याने लोकांच्या किल्ल्या करू नयेत."

काका म्हणाले, "कडी तीच आहे."

खरं होतं ते. इतकं खोटं खरं मी आजवर ऐकलं नव्हतं. तिचा अंगठा माझ्या आतल्या काठावरून फिरत होता आणि एका जागी चिकटला. तिने अंगठा बोटावर घासून पाहिला. किल्ल्या घासणाऱ्या बोटांना डिंक कळायला वेळ लागत नाही.

"इथे काय होतं?"

काकांनी सांगितलं. धनुष्यांचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून पट्टी लावली होती, मनात काही वाईट नव्हतं, उन्हाळ्यात लक्षात आलं तशी लगेच काढली. शेवटचं वाक्य त्यांनी सुटका झाल्यासारखं म्हटलं.

तिने अंगठ्याला लागलेला डिंक पुसला.

"बाबा थंडीत गेले, काका," ती म्हणाली.

मागे रांग होती. कुणीतरी घाई करत होतं. तिने धनुष्य माझ्यात घातलं. ते टोकापासून टोकापर्यंत गेलं, कुठे टेकलंसुद्धा नाही. काकांनी "चालतं" म्हटलं नाही. नुसती मान हलवली. तिने धनुष्य उचललं, पितळी कडी मात्र उचलली नाही. ती माझ्याशेजारी सरकवून म्हणाली, "ही राहू दे इथे. तुमची कडी मोजायला." आणि ती खेळायला गेली.

आता आम्ही दोघी एकाच डब्यात असतो. ती पिवळी, मी काळी. तिच्या काठावर कानशीच्या बारीक रेघा आहेत, तरी माप चोख. दर स्पर्धेच्या सकाळी काका डबा उघडतात. त्यांचा हात आधी तिला लागतो, क्षणभर थांबतो, आणि मग तिला बाजूला सारून मला बाहेर काढतो. रांगेतली पोरं माझ्याकडे बघून श्वास रोखून धरतात. त्यांना वाटतं, मी कधी चुकत नाही.

तुमच्या हाती कधी एखादी कडी आली, आणि तिच्यातून दुसऱ्याचं धनुष्य घालायची वेळ आली, तर माझं एवढं ऐका. आधी डब्यातली ती पिवळी बाहेर काढा. आधी मला मोजा.