गोठ्यातला डेटा

आमच्या घरात फोन दोन. आज एक गोठ्यात खांबाला बांधलेला, दुसरा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवलेला. दोन्हींचा एकमेकांना व्हिडिओ कॉल. गाय व्यायला झालेली, आणि सासूबाईंना कणीक मळता मळता तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं.

"आत्या, गोठा अंगणापलीकडेच आहे की. उठून बघा."

"गुडघे तुझे दुखतात का माझे?"

*आपला आजचा पन्नास टक्के डेटा वापरून झाला आहे.*

"काय म्हणतेय कंपनी?"

"निम्मा संपला म्हणतेय."

"म्हणू दे. कान हलवला बघ तिनं!"

*नव्वद टक्के.*

दुपारी गाय आडवी पडली. पत्रा तापलेला, वारा ठप्प. वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. जनावरांचे डॉक्टर लांबच्या वस्तीवर अडकलेले. म्हणाले, व्हिडिओ लावा, सांगतो तसं करा. मी कोपरापर्यंत साबण चोळला आणि हात आत घातला.

"कळ थांबली की वासरू मागं ढकला. मग खूर तळहातानं झाका आणि..."

*आपला आजचा डेटा संपला आहे.*

आणि काय? डॉक्टर तोंड उघडं ठेवून गोठलेले. दुसरा फोनही कोरडा. रिचार्जवाला दुकान बंद करून परगावी. दुसऱ्यावरून डॉक्टरांना साधा फोन केला तर म्हणाले, "दिसल्याशिवाय कसं सांगू? भलताच पाय ओढाल!"

कुंपणापलीकडे काकी, म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. बांधावरून भांडण झालं तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. काकीचा डेटा मात्र रोज तसाच पडून.

गाय कण्हली. सासूबाई कुंपणाकडे धावल्या, गुडघ्यांसकट.

"अगं, हॉटस्पॉट दे!"

"दिला. पासवर्ड टाका."

"सांग ना."

काकी जरा चुळबुळली. "थोरली चुकली."

"काय म्हणालीस?"

"पासवर्डच तो आहे, जाऊबाई. इंग्रजी अक्षरांत, सगळं सलग."

माझे हात गायीत. टाकणार कोण? सासूबाईंनी ओठ आवळून बोट चालवलं. लागेना.

"म्हणत म्हणत टाका, म्हणजे चुकणार नाही," काकी म्हणाली.

"थोरली..."

"पुढं?"

"चुकली! चुकली गं बाई! लागलं, लागलं!"

डॉक्टरांचं तोंड हललं. "हां, दिसलं! आता खूर हळूच पुढं वळवा!"

खूर मुठीत आला. पाय सरळ झाला. काकी कुंपण ओलांडून कधी आली कळलंच नाही. फोन पेंढ्यात टाकून तिघींनी कळेबरोबर ओढलं, आणि ओली, गरम कालवड माझ्या मांडीवर घसरली. शिंकली. मान झाडली.

"बांधाच्या आमच्या बाजूच्या गवतावर पोसलेली आहे," काकी म्हणाली.

"म्हणजे चोरून कापत होतो म्हणतेस?"

"मी कुठं म्हटलं? तुम्हीच म्हणालात!"

"वर्षभर मुकी होतीस तेच बरं होतं!"

"मग हाक कशाला मारलीत?"

दोघी कालवड पुसत होत्या, एकाच गोणपाटानं, दोन टोकांनी. पेंढ्यातून डॉक्टर ओरडत होते, "अहो, मला नुसता पत्रा दिसतोय! वासरू दाखवा कुणीतरी!"

ऐकतंय कोण.